जुनी बॅकेलाईटची वस्तू ओळखायची, घ्यायची आणि जपायची कशी: नवीन लोकांसाठी

माळ्यावरचा तपकिरी रेडिओ, काळा डायलचा फोन, वाड्याच्या भिंतीवरची ती काळी गोल बटणं, असलं काही हाती लागलं की दोन प्रश्न लगेच पडतात. हे खरंच बॅकेलाईट, म्हणजे ते जुनं कडक प्लास्टिक, आहे का, आणि हे पुसू कशाने? नेटवर शोधलं तर बहुतेक माहिती अमेरिकेतली मिळते, त्यात सांगितलेली पॉलिशं आपल्या दुकानदारांनी नावानेसुद्धा ऐकलेली नसतात, आणि निम्मे लोक एकमेकांच्या उलट सांगतात. मी बरीच वर्षं या वस्तू जमवतोय, साफ करतोय, ओळखीच्यांच्या दुरुस्त करून देतोय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. पहिली पायरी इतिहासाची आहे, ती प्लीज गाळू नका, कारण हे मटेरियल बनतं कसं ते एकदा कळलं की पुढच्या निम्म्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील.

आधी सामान जमवा, सगळं मिळून फार खर्च नाही:

- भिंग आणि छोटा टॉर्च
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- कानात घालायचे कापसाचे बड्स
- पितळ घासायचं पातळ पॉलिश, ब्रासो चालतं
- मऊ टूथब्रश, जुन्या सुती धोतराची किंवा बनियनची फडकी
- सपाट तोंडाचे दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर (या वस्तूंत बहुतेक सरळ खाचेचेच स्क्रू असतात)
- मल्टीमीटर, जर वस्तू विजेवर चालणारी असेल तर
- अरल्डाईट, आणि मेणाचं पॉलिश
- मोबाईल, कारण खोलायच्या आधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचाच

कागदपत्रं म्हणाल तर दुकानदाराची पावती, आणि रेडिओ असेल तर त्याचं लायसन्सचं पुस्तक. एके काळी आपल्याकडे रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट लावून घ्यायचं. घरातल्या जुन्या ट्रंकेत ते सापडलं तर फेकू नका, त्या सेटचं वय सांगणारा तेवढा भरवशाचा कागद दुसरा नसतो.

१. आधी हे बनतं कसं ते समजून घ्या

विजेचा धंदा वाढायला लागला तेव्हा तारांवर, कॉइलवर लेप द्यायला काहीतरी इन्सुलेशन लागायचं आणि ते बहुतेक शेलॅकचं असायचं. शेलॅक म्हणजे आपली लाख, पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी, आणि जगाला ती मुख्यतः भारतातूनच जायची. किडा काही कारखान्याच्या वेगाने काम करत नाही, त्यामुळे मागणी वाढली तसा भाव वाढला आणि लोक शेलॅकला पर्याय शोधायला लागले.

त्यातला एक लिओ बेकलँड. जन्म १८६३, बेल्जियममधलं गेंट शहर, वडील चांभारकाम करणारे. पोरगा एवढा हुशार की विशीच्या सुरुवातीलाच तिथल्या विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, प्रोफेसरांच्या मुलीशी लग्न केलं आणि १८८९ मध्ये अमेरिकेला गेला. तिथे त्याने वेलॉक्स नावाचा फोटो पेपर काढला, जो दिव्याच्या उजेडात प्रिंट करता यायचा, आणि तो धंदा १८९९ मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनला विकून तो श्रीमंत झाला. मग न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला घर घेतलं, तिथेच प्रयोगशाळा थाटली.

आता खरी गंमत इथे आहे. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाईड एकत्र केलं की चिकट राळेसारखं काहीतरी होतं हे जर्मनीत अडॉल्फ फॉन बायरने १८७२ मध्येच पाहिलं होतं. फिनॉल दगडी कोळशाच्या डांबरातून निघायचं, फॉर्मल्डिहाईड लाकडाच्या अल्कोहोलपासून, म्हणजे कच्चा माल काही दुर्मिळ नव्हता. अडचण अशी की ही रिॲक्शन होताना पाणी सुटतं, उष्णतेने त्याची वाफ होते, आणि सगळा माल फसफसून सच्छिद्र होऊन बसतो. म्हणून बाकीचे लोक उष्णता कमी ठेवून सावकाश काम करायचे. बेकलँडने उलटं केलं, उष्णता वाढवली आणि सोबत दाबही वाढवला, म्हणजे वाफेला बुडबुडे करायला वावच नाही. त्यासाठी त्याने लोखंडी अंड्याच्या आकाराचं एक जाडजूड बंद भांडं वापरलं, त्याला बेकेलायझर म्हणतात, आणि ते आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. माझ्या मते त्याचं सगळं श्रेय या दाबात आहे, रसायनं तर सगळ्यांकडेच होती.

१३ जुलै १९०७ ला त्याने पेटंटचा अर्ज केला, ते ७ डिसेंबर १९०९ ला मिळालं. त्याच १९०९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने हे जाहीर केलं आणि १९१० मध्ये जनरल बॅकेलाईट कंपनी सुरू झाली. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न त्याच वस्तूवर काम करत होता, त्याचा अर्ज फक्त एक दिवस मागे पडला. पुढे दोघांनी भांडत बसण्याऐवजी जुळवून घेतलं आणि १९२६ ला तिथे बॅकेलाईट लिमिटेड उभी राहिली. माणसाने पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं हे पहिलं प्लास्टिक. त्याआधीचं सेल्युलॉईड होतं, पण ते झाडांच्या सेल्युलोजपासून.

तुमच्या कामाचा मुद्दा असा. अर्धवट तयार राळ दळून तिच्यात लाकडाचा भुसा, कापसाचे धागे, अभ्रक किंवा ॲस्बेस्टॉस मिसळून पावडर करायची, ती तापलेल्या पोलादी साच्यात घालायची, साधारण १५० ते १८० अंशांना प्रेसखाली जोरात दाबायची आणि काही मिनिटांत वस्तू बाहेर. अंडं उकडलं की परत पातळ होत नाही, तसं हे एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही. म्हणून त्याला थर्मोसेट म्हणतात. बादली, बाटली, खेळणी यांचं प्लास्टिक परत वितळतं, बॅकेलाईट फार तापवलं तर जळून कोळसा होईल पण वितळणार नाही.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा: आत भुसा आहे म्हणजे पाणी वाईट, वरची चकाकी हा राळेचा पातळ थर आहे म्हणजे जास्त घासणं वाईट, आणि परत वितळत नाही म्हणजे तुटलं तर जोडता येतं, नव्याने ओतता येत नाही.

२. काय जमवायचं ते ठरवा

कंपनीची जाहिरातच होती की हजार उपयोगांचं मटेरियल, आणि चिन्ह होतं अनंताचं. ते काही फार फुगवून सांगितलेलं नव्हतं. सुरुवात विजेच्या छोट्या भागांपासून झाली, मग गाड्यांचे डिस्ट्रिब्युटर कॅप, गिअरच्या मुठी, सॉकेट, आणि १९२० नंतर रेडिओ आला तसा बॅकेलाईटचा खरा काळ सुरू झाला.

नवीन माणसाने एकदम सगळं जमवायला जाऊ नये, एक वाट पकडावी.

रेडिओ: इंग्लंडच्या एकोचा १९३४ चा गोल रेडिओ, एडी ६५, वेल्स कोट्स नावाच्या आर्किटेक्टने काढलेला, हा या सगळ्यातला राजा. तो आपल्याला परवडणाऱ्यातला नाही, पण फोटो नक्की बघा. त्या काळातल्या सगळ्याच सेटचे कोपरे गोलसर का, तर फॅशन होतीच, शिवाय साच्यात पावडर गोल कोपऱ्यातून नीट पसरते आणि टोकदार कडा लगेच टवके उडून जाते. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांना बुशचा डीएसी ९० ए हा १९५० चा छोटा सेट जुन्या बाजारात बऱ्यापैकी दिसतो, सुरुवातीला तो चांगला. फिलिप्स कंपनी हेच मटेरियल स्वतः बनवायची आणि त्याला फिलाईट म्हणायची, त्यामुळे फिलिप्सच्या सेटच्या माहितीत ते नाव दिसलं तर घाबरू नका. जर्मनीत १९३३ ला आलेला, स्वस्तातला 'लोकांचा रेडिओ'सुद्धा बॅकेलाईटच्याच पेटीत होता, नाझी सरकारला घराघरात आपली भाषणं पोचवायची होती म्हणून. स्वस्तात लाखो पेट्या एकसारख्या काढता येणं ही ताकद कुणाच्याही हातात पडू शकते, हेही या इतिहासात आहे.

फोन: एरिक्सनसाठी नॉर्वेचा चित्रकार जाँ हायबर्ग याने आकार दिलेला फोन १९३१ च्या आसपास आला आणि आपण फोन म्हटल्यावर जो काळा उतरता आकार डोळ्यासमोर आणतो तो तिथून रूढ झाला. ब्रिटिशांचे ३०० नंबरच्या मालिकेतले फोन १९३७ पासून. आपल्याकडे बेंगळुरूची आयटीआय १९४८ ला सुरू झाली, तिचे काळे फोन अजून सापडतात.

कॅमेरे: कोडॅकचा बेबी ब्राउनी, १९३४, वॉल्टर डॉर्विन टीगचं डिझाईन, तेव्हा एका डॉलरला मिळायचा. छोटा, जागा कमी खातो, वीज नाही, म्हणून नवख्यांना मी हाच सुचवतो.

स्विच, सीलिंग रोज (छताला वायर जोडायची गोल डबी), होल्डर: सगळ्यात स्वस्त आणि आपल्या घरांशी सगळ्यात जास्त नातं असलेली वाट. जुना वाडा पडतो तेव्हा लाकडी बोर्डासकट हे सगळं भंगारात जातं. ठेकेदाराला आधी सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात.

३. ओळखायच्या टेस्ट, या क्रमानेच करा

वजन आणि आवाज. बॅकेलाईट पाण्याच्या साधारण १.३ ते १.४ पट जड असतं, आजचं साधं रेट्रो फोनचं प्लास्टिक जवळजवळ पाण्याइतकंच. म्हणजे हातात घेतल्यावर भरीव वाटलं पाहिजे. नखाने टिचकी मारा, जाड, बसका आवाज येतो, पोकळ टकटक नाही. फोनच्या बाबतीत सावध, काही नकली फोनच्या तळाला मुद्दाम लोखंडी पट्टी घालतात वजनासाठी, म्हणून नुसता रिसीव्हर हातात घेऊन बघा.

आतली बाजू. ही माझी आवडती टेस्ट, कारण वस्तूला काहीच होत नाही. खालचे स्क्रू काढा, टॉर्च तिरपा धरा आणि भिंगातून आतल्या भिंती बघा. बाहेरचा भाग साच्यात आरशासारखा पॉलिश केलेला असायचा पण आतल्या बाजूला कुणी लक्ष द्यायचं नाही, त्यामुळे तिथे मटेरियल जसं आहे तसं दिसतं: पावडर वाहत गेल्याचे हलके पट्टे, साच्यातून वस्तू ढकलून काढणाऱ्या दांड्यांचे गोल ठसे, आणि जिथे टवका उडालाय तिथे चक्क तपकिरी धाग्याधाग्यांचा, बारीक दाणेदार भाग. बाहेरून कुळकुळीत काळा फोनसुद्धा तुटक्या कडेला जरा मातकट दिसतो. नवीन प्लास्टिक तुटलं की कड गुळगुळीत किंवा वाकून पांढरी पडलेली दिसते. आतच कंपनीचे आकडे, शिक्के असतात, त्यांचे फोटो काढून ठेवा.

वास. कोपरा अंगठ्याने जोरात घासा, गरम लागेपर्यंत, आणि लगेच हुंगा. जुन्या कार्बोलिक साबणासारखा, दवाखान्यासारखा उग्र वास आला तर फिनॉल आहे. बांगडी, बटण, मूठ अशी सुटी वस्तू असेल तर नळाच्या गरम पाण्याखाली अर्धा मिनिट धरून हुंगा, वास जास्त स्पष्ट येतो, मग लगेच कोरडी करा. विजेच्या वस्तूवर पाणी अजिबात नाही.

पॉलिशची टेस्ट. बडवर ब्रासोचा एक थेंब, आणि न दिसणाऱ्या जागी, तळाला किंवा आत, हलकं घासा. बड पिवळसर किंवा तपकिरी झाला तर बहुधा बॅकेलाईट. अडचण ही की कुठल्या धातूला लागला तर बड काळा होतो आणि लोक तेच पुरावा समजतात, त्यामुळे स्क्रूपासून लांब घासा. काळ्या वस्तूंवर ही टेस्ट कधी कधी काहीच दाखवत नाही, तेवढ्यावरून नकली म्हणू नका.

फुटका तुकडा असेल तर. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला आणि तुकडा टाका. साधं प्लास्टिक तरंगतं, बॅकेलाईट बुडतं.

आणि एक टेस्ट जी करायची नाही: तापवलेली सुई टोचणं. बाजारात लोक बिनधास्त करतात. बॅकेलाईटमध्ये सुई शिरत नाही हे खरं आहे, पण डाग कायमचा राहतो, आणि वस्तू जर सेल्युलॉईडची निघाली तर ती भडकन पेट घेते. दुकानदार सुई काढायला लागला तर वस्तू हातातून परत घ्या.

४. बॅकेलाईट म्हणून खपवल्या जाणाऱ्या गोष्टी

सेल्युलॉईड: हलकं, पातळ, घासलं की कापराचा वास येतो कारण त्यात कापूर असतोच. आगीपासून लांब ठेवा.

इबोनाईट: गंधक घालून कडक केलेलं रबर. जुने फाउंटन पेन, फार जुन्या फोनचे रिसीव्हर. घासलं की गंधकाचा वास, आणि उन्हाने काळ्याचं हिरवट तपकिरी होतं. गरम पाण्यात घातलं तर रंग कायमचा बिघडतो, म्हणून शंका असेल तर आधी नुसतं अंगठ्याने घासून वास बघा.

केसीन: दुधापासूनचं, बटणांत खूप सापडतं, ओलं गरम केलं की दूध करपल्याचा वास.

ग्रामोफोनच्या ७८ च्या तबकड्या: यांना बरेच जण बॅकेलाईटच्या तबकड्या म्हणतात आणि विकणारेही तसंच लिहितात. त्या बहुतांश शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, त्यात दगडाची भुकटी. हे माहीत असणं का महत्त्वाचं, तर लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तबकडी स्पिरिटने पुसली की तिच्यावरचं गाणं गेलं. हा अपघात मी लोकांकडे होताना पाहिलाय आणि फार वाईट वाटतं, कारण ती तबकडी परत मिळत नाही.

कॅटॅलिन: हे सख्खं भावंड. बेकलँडचं पेटंट १९२७ च्या सुमारास संपलं आणि भुसा न घालता नुसती राळ ओतून चमकदार पिवळे, हिरवे, लाल, संगमरवरी रंग काढायला लोकांनी सुरुवात केली. अमेरिकेतल्या रंगीत बांगड्या आणि शोभेचे रेडिओ बहुतेक याचे. ते वर्षानुवर्षं हळूहळू आक्रसतं आणि पिवळं पडतं, मुळात पांढरी असलेली बांगडी आज लोण्याच्या किंवा मधाच्या रंगाची दिसते. तुम्हाला दाखवलेली वस्तू अगदी स्वच्छ पांढरी असेल तर ती फिनॉलची नाही, कारण फिनॉलची राळ काळाबरोबर गडद होतेच. पांढरे जुने स्विच युरिया फॉर्मल्डिहाईडचे असतात, तेही जुनं आणि चांगलंच मटेरियल, पण बॅकेलाईट म्हणून जास्त पैसे देऊ नका.

५. बाजारात जाताना

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीट. सकाळी लवकर जा, दिवसाचा उजेड पाहिजे, दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली कुठलीच तडा दिसत नाही.

खिशात पांढरं फडकं ठेवा आणि वस्तू हातात घेतल्यावर आधी तेच फिरवा. बरेच विकणारे मरगळलेल्या वस्तूला काळं बूट पॉलिश किंवा तेल चोपडून देतात, फोटोत ती झकास दिसते. मला अशीच एक पेटी ऑनलाईन विकली गेली होती, फडकं काळंकुट्ट झालं आणि खाली दोन ठिकाणी मेणाने बुजवलेली तडा निघाली. फडक्याला काळं लागलं तर लगेच सोडूनच द्या असं नाही, पण भाव त्या हिशोबाने करा आणि प्रत्येक कोपऱ्यावरून नख फिरवून बघा, तडा डोळ्याला दिसत नाही तिथे नखाला लागते.

फोनला तडा कुठे जाते ते ठरलेलं आहे: रिसीव्हर ठेवायच्या शिंगांच्या मुळाशी, आणि खालच्या स्क्रूंच्या भोवती. रेडिओला स्पीकरच्या जाळीच्या बारीक पट्ट्यांवर आणि मागच्या पुठ्ठ्याच्या स्क्रूपाशी. ऑनलाईन घेत असाल तर नेमक्या याच जागांचे फोटो मागा.

६. साफसफाई

आतलं सगळं बाहेर काढा, रिकामं खोकं झाल्याशिवाय ओलं फडकं लावू नका. आधी कोरड्या ब्रशने धूळ. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून पुसा, खाचांत टूथब्रश, आणि लगेच कोरडं. बुडवून ठेवायचं नाही, टवका उडालेल्या जागेतून भुशात पाणी शिरतं, तो फुगतो आणि पृष्ठभाग कायमचा खडबडीत होतो. ब्लीच, सोडा, फरशीचं ॲसिड, यातलं काहीही नाही. सोड्यासारख्या अल्कलीने राळ खराब होते.

पूर्ण वाळल्यावर ब्रासो, फडक्यावर थोडंसं, हलक्या गोल हाताने. तपकिरी मळ निघत राहील, तो मळ आणि उन्हाने खराब झालेला वरचा थर असा दोन्ही असतो. चमक आली की थांबा. आणखी चमक हवी म्हणून घासत राहिलात तर राळेचा थर संपतो, भुसा उघडा पडतो आणि मग कुठल्याच पॉलिशने चमक येत नाही. वर्षानुवर्षं उन्हात असलेल्या वस्तूचा तो थर आधीच गेलेला असतो, तिला नुसतं मेण लावून मंद चमक द्या आणि ती तशीच सुंदर आहे हे मान्य करा. शेवटी मेणाचं पॉलिश पातळ लावून कोरड्या सुती फडक्याने उजळा.

पॉलिश पेपर आणि ड्रिल याबद्दल वेगळं लिहितो कारण हा तब्येतीचा प्रश्न आहे. उष्णता सहन करायला बनवलेल्या जुन्या वस्तूंत, मुठी, हीटरचे भाग, स्विचगिअर यात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. अखंड वस्तू हाताळायला काही धोका नाही, पण घासून धूळ करणं धोक्याचं आहे, आणि आत काय भरलंय ते नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, भोक पाडायचं नाही. जाळायचं तर मुळीच नाही, धूर विषारी असतो.

७. तुटलं तर

सगळे तुकडे जपा, बारीक टवकेसुद्धा, एका डबीत. केसासारखी तडा असेल तर पातळ सुपरग्लू आत ओढला जातो, ज्यादा आलेलं लगेच पुसा. सरळ दोन तुकडे असतील तर कडा स्पिरिटने पुसून अरल्डाईट लावा, रंगासाठी त्यात चिमूटभर कोरडा काळा रंग किंवा काजळी मिसळा, चिकटपट्टीने बांधून पूर्ण दिवस हात लावू नका. आतल्या बाजूने फायबर ग्लासच्या कापडाचा छोटा तुकडा त्याच अरल्डाईटने बसवला तर जोड मूळ भिंतीपेक्षा पक्का होतो.

बाहेरून ऑइल पेंट मारू नका. रंगवलेली वस्तू चांगली दिसली तरी तिची किंमतही जाते आणि जुना पृष्ठभागही.

८. चालू करायच्या आधी

रेडिओ घरी आणला की पहिला मोह होतो प्लग लावून बघायचा. थांबा. आतले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत निकामी झालेले असतात, ते फुटू शकतात, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शिवाय डीएसी ९० ए सारखे एसी-डीसी दोन्हीवर चालणारे बरेच छोटे सेट ट्रान्सफॉर्मरशिवायचे असतात, त्यांचं आतलं लोखंडी चेसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला सांगाडा, थेट मेन्सला जोडलेलं असतं. बाहेरून आपल्याला शॉक लागत नाही तो फक्त बॅकेलाईटच्या पेटीमुळे आणि नॉबमुळे. अशा सेटच्या नॉबला बाजूने एक बारीक स्क्रू असतो आणि त्याच्या खाचेत मेण भरलेलं दिसतं. तो मळ समजून खरवडून काढू नका, तो स्क्रू चेसिसला टेकलेल्या दांड्यावर असतो आणि त्याला बोट लागू नये म्हणूनच ते मेण आहे. नॉब काढलात तर परत बसवताना मेण परत भरा, आणि मागचा पुठ्ठा लावल्याशिवाय सेट कधीच चालू करू नका. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, सेटवर काम करणारा जुना माणूस शोधा आणि त्याच्याकडूनच पहिल्यांदा चालू करून घ्या.

जुने स्विच परत वापरायचे म्हणत असाल तर उघडून आत बघा. बॅकेलाईटवर ठिणग्या पडून पडून पृष्ठभागाचा कोळसा होतो आणि त्या कोळशाच्या रेघेतून वीज वाहायला लागते. काळ्या बटणावर ती झाडाच्या फांदीसारखी बारीक, निस्तेज रेघ दिसते. दिसली की तो स्विच शोकेसमध्ये, भिंतीवर नाही.

फोनचं सोपं आहे. जुन्या लँडलाईनवर रिंग वाजते, बोलता येतं. डायल फिरवून नंबर लागेलच असं नाही, कारण ती डायल पल्स पाठवते आणि आजची बरीच यंत्रं फक्त टोन ओळखतात. त्यासाठी पल्सचं टोन करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो.

९. नवीन वस्तूंत हेच मटेरियल कुठे बघाल

ओळखायचा सराव करायला महाग वस्तू लागत नाही. कुकरची काळी मूठ हातात घ्या, वजन, टिचकीचा आवाज, सगळं तिथे शिकता येतं. सनमायकाचा तुकडा उलटा करा, मागची तपकिरी बाजू म्हणजे फिनॉलच्या राळेत भिजवलेले कागदाचे थर. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तपकिरी हायलम शीट, सुताराकडचा मरीन प्लाय ज्या राळेने चिकटवतात ती, गाड्यांचे ब्रेक पॅड, स्नूकरचे बॉल, सगळीकडे हीच राळ. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीची बॉडी कापसाच्या टाकाऊ धाग्यांत हीच राळ घालून दाबलेली होती. इस्रोच्या रॉकेटच्या नॉझलमध्ये आतून कार्बन आणि फिनॉलिकचं अस्तर असतं, कारण ते वितळत नाही, वरून थोडं थोडं जळत जातं आणि आतलं वाचवतं.

१०. ठेवणं आणि पाठवणं

थेट उन्हात नाही, खिडकीत नाही, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून नाही. कॅटॅलिनची वस्तू दिव्याच्या जवळही नको. आतली रबरी वायर चिकट झाली असेल तर ती पेटीला टेकू देऊ नका, तिचे डाग बसतात.

परदेशातून आणताना किंवा पाठवताना पावती आणि वस्तूचं साधारण वय लिहिलेला कागद सोबत ठेवा. भारतात १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरातन धरली जाऊ शकते आणि ती बाहेर नेण्यावर बंधनं आहेत. १९३० ते ५० मधल्या रेडिओ-फोनला अजून ती अडचण नाही, पण वयाचा पुरावा हाताशी असला की कस्टमला समजावत बसावं लागत नाही.

पॅकिंग करताना फोनचा रिसीव्हर कधीच जागेवर ठेवून गुंडाळू नका, प्रवासात तो त्या शिंगांवर आपटत राहतो आणि तिथेच तडा जाते. रिसीव्हर वेगळा गुंडाळा, रेडिओचे नॉब आणि व्हॉल्व्ह काढून वेगळ्या डबीत, पेटीच्या आत चुरगळलेले कागद भरा म्हणजे भिंतींना आतून आधार मिळेल, आणि एका खोक्यात दुसरं खोकं असं दुहेरी पॅक करा, मधे चारही बाजूंना चार बोटं जागा.